आयरिश लढ्यावरचे सिनेमे आणि त्यांतला फितूर

सांजवारा
गेल्या शनिवारी बाबांबरोबर ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ बघायला बसले. केन लोचचा २००६ चा सिनेमा, कान महोत्सवात पाम दोर मिळालेला. बाबांना स्वातंत्र्यलढ्यावरचं काहीही आवडतं, म्हणून आग्रह माझाच होता. सुरुवातीला ते अगदी रंगून गेले. १९२० सालचं कॉर्क परगण्यातलं खेडं, हर्लिंगचा खेळ आटोपून परतलेली पोरं, अंगणात घुसलेले ‘ब्लॅक अँड टॅन्स’ नावाचे ब्रिटिश पोलीस, आणि आपलं नाव इंग्रजीत सांगायला तयार नाही म्हणून मारून टाकलेला सतरा वर्षांचा मुलगा. बाबा म्हणाले, “हे सगळं आपलंच आहे गं.”

मग तो प्रसंग आला. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. डेमियन डॉक्टर झालेला, लंडनच्या इस्पितळात रुजू व्हायला निघालेला, पण शेवटी गावातच राहून बंदूक हातात घेतलेला. ख्रिस त्यांच्यातलाच कोवळा पोरगा, जमीनदाराकडे राबणारा. जमीनदाराने धाक घातल्यावर त्याने साथीदारांचा ठावठिकाणा सांगून टाकलेला. वरून हुकूम येतो आणि गोळी घालायची वेळ डेमियनवर येते. ज्याला त्याने लहानाचा मोठा होताना पाहिलंय त्याला. उघडा डोंगर, वर ढग, आणि ख्रिसने आईला चिठ्ठी लिहिलेली नाही, कारण तिला वाचता येत नाही. बाबा म्हणाले, “बंद कर.” मी बंद केला. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आठवडा झाला, तो पोरगा डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा. आयरिश लढ्यावर इतके सिनेमे आणि मालिका आहेत, त्यांत फितुराला मारण्याचा प्रसंग फिरून फिरून का येतो? तो बघताना तुमचं काय होतं? आणि पुढे काय बघावं तेही सांगा. बाबांबरोबर बघण्यासारखं असेल तर उत्तमच.

चहाबाज
मीही तिथेच बंद केला होता. दोन दिवसांनी पुढचा बघितला. बाबांना सांगा, एकटे नाहीत.

फिल्मीकिडा
सांजवारा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. हा प्रसंग या सगळ्या सिनेमांच्या मुळाशीच आहे. जॉन फोर्डचा ‘द इन्फॉर्मर’ बघा, १९३५ चा. नावच फितुराचं. १९२२ चं डब्लिन, पडदाभर धुकं, आणि जिपो नोलन नावाचा धिप्पाड, डोक्याने जरा मंद, खिसा रिकामा असलेला माणूस वीस पौंडांसाठी जिवलग मित्राला पोलिसांच्या ताब्यात देतो. वीसच का, तर अमेरिकेच्या बोटीचं भाडं माणशी दहा पौंड. एक तिकीट त्याचं, एक त्याच्या प्रेयसीचं. मग त्या एका रात्रीत ते पैसे त्याच्या हातून कसे सुटत जातात हाच सिनेमा. कुणाला दारू पाज, गर्दीला मासे आणि बटाटे खाऊ घाल. व्हिक्टर मॅक्लॅग्लेनला यासाठी अभिनयाचं ऑस्कर मिळालं आणि फोर्डला दिग्दर्शनाचं. दारूच्या ओझ्याखाली तो हळूहळू खचत जातो ते बघताना त्याचा राग येईनासा होतो.

नंतर कॅरल रीडचा ‘ऑड मॅन आउट’, १९४७. जखमी जेम्स मेसन बर्फाळ बेलफास्टमध्ये रात्रभर भटकतो. संघटनेचं नावसुद्धा कुणी घेत नाही, नुसतं ‘संघटना’ म्हणतात. एकेक घर त्याला आत घेतं, घाबरतं आणि पुन्हा बाहेर काढतं. इथे त्याला धरून देणं आणि त्याला आसरा देणं यांच्यामध्ये अख्खं शहर लटकलंय.

तर्कटराव
मी वेगळं बोलतो, राग नसावा. या सिनेमांनी बंदुकधाऱ्याला इतकं देखणं केलंय की आपण त्याच्या जखमेवर फुंकर घालत बसतो आणि त्याने ज्याला मारलं त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं. लियाम नीसन, ब्रॅड पिट, सिलियन मर्फी. हे चेहरे समोर आले की प्रेक्षक त्यांचा झालाच. त्यात आपण भारतीय. ब्रिटिशांविरुद्ध कुणी बंदूक उचलली की आपलं मन आधीच त्याच्या बाजूला जाऊन बसलेलं असतं.

२७ ऑगस्ट १९७९ ला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने माउंटबॅटनची बोट उडवली ती आठवा. आपण म्हणतो शेवटचा व्हाइसरॉय गेला. त्या बोटीवर चौदा वर्षांचा नातू होता आणि पंधरा वर्षांचा स्थानिक पोरगा होता, बोटीवर मदतनीस म्हणून आलेला. दोघंही गेले. ‘द क्राउन’च्या चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात हा स्फोट आहे, पण तो बघताना किती जणांना तो मदतनीस पोरगा आठवला? ख्रिस तरी सिनेमात डोळ्यांसमोर उभा आहे. बाकीचे आकड्यात गेले. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात १९९८ पर्यंतच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली.

इतिहासाची_वही
तर्कटराव, १९२० आणि १९७० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका मापाने मोजू नका. १९१९ ते २१ चं युद्ध बहुसंख्य आयरिश जनतेने निवडून दिलेल्या संसदेच्या पाठबळावर झालं. ६ डिसेंबर १९२१ ला ब्रिटिशांशी करार झाला, जानेवारीत तो आयरिश संसदेत ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला आणि मग भाऊ भावावर उठले. सांजवारा यांनी अर्धाच सिनेमा पाहिलाय म्हणून पुढचं सांगत नाही, पण उरलेला अर्धा त्या फाटाफुटीचा आहे. नव्या आयरिश सरकारने आपल्याच जुन्या साथीदारांपैकी ७७ जणांना अधिकृतरीत्या गोळ्या घातल्या. उत्तर आयर्लंडमधला १९६९ नंतरचा संघर्ष हे वेगळं प्रकरण. नागरी हक्कांच्या मागण्या, घरवाटपातला भेदभाव, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या, ब्रिटिश लष्कर.

आणि फितुराबद्दल. ब्रिटिशांची डब्लिनमधली सत्ता हेरांवरच उभी होती. आयरिश बंडखोरांचा नेता मायकल कॉलिन्स, त्याने तेच हत्यार उलटवलं. डब्लिन पोलिसांच्या ‘जी’ विभागातला नेड ब्रॉय त्याला आतल्या फायली दाखवायचा. म्हणजे एका बाजूचा फितूर हा दुसऱ्या बाजूचा नायक. नील जॉर्डनच्या ‘मायकल कॉलिन्स’मध्ये (१९९६) स्टीफन रियाने हा ब्रॉय फार सुंदर केलाय. सिनेमात मात्र त्याचा छळ होऊन तो मरतो. खरा ब्रॉय जगला, आणि १९३३ मध्ये आयरिश पोलिसांचा प्रमुख झाला. क्रोक पार्कच्या मैदानात चिलखती गाडी घुसून गोळ्या झाडते तेही रचलेलं आहे. २१ नोव्हेंबर १९२० ला तिथे १४ जण मारले गेले हे खरं, पण गोळ्या झाडल्या त्या मैदानात शिरलेल्या पोलिसांनी. खरं इतकं भयंकर असताना गाडी घालायची गरज काय होती, मला कळलेलं नाही.

कुंदा_पार्सल
थोडं अवांतर, पण मन राहवत नाही. २४ एप्रिल १९१६ ला डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडचाच. लहानपणी आजोबा टिळकवाडीतून फिरताना हे सांगायचे आणि मला वाटायचं होमरूल हा कानडी शब्द आहे की काय!

चहाबाज
कुंदा_पार्सल, हसू आलं. आजोबांना नमस्कार.

लॅगनकाठ
नऊ वर्षं झाली बेलफास्टमध्ये, इस्पितळात नर्स आहे. धागा बघितला आणि रात्रपाळी करून आल्यावरही झोप लागेना, म्हणून लिहिते.

इथे फितुराला ‘टाउट’ म्हणतात. हा शब्द इथे शिवीपेक्षा वाईट. पूर्वी भिंतींवर रंगवलेलं असायचं की टाउटला गोळी घातली जाईल. माझ्या वॉर्डमधले म्हातारे पेशंट सगळं बोलतात, मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल, हवेबद्दल, पण सत्तरच्या दशकाचा विषय निघाला की ओठ शिवल्यासारखे. ‘काहीही बोला, पण काही सांगू नका’ अशा अर्थाची म्हणच आहे इथली. शेमस हीनीने ती कवितेला घेतली आणि ‘से नथिंग’ या पुस्तकाचं आणि मालिकेचं नाव तिथूनच आलं.

इथली बॉम्बे स्ट्रीट माहीत आहे का कुणाला? मी मुंबईची, डोंबिवलीत वाढले, म्हणून पहिल्याच महिन्यात शोधत गेले. शेजारीच काश्मीर रोड. छोटी विटांची घरं. ऑगस्ट १९६९ मध्ये ही गल्ली जमावाने जाळली होती. पुन्हा बांधलेल्या घरांच्या मागे आता उंचच उंच भिंत आहे, पलीकडच्या वस्तीपासून वेगळी करणारी. आणि त्या घरांच्या परसांना वरून लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, पलीकडून दगड-बाटल्या पडू नयेत म्हणून. मी गेले तेव्हा एका पिंजऱ्यात लहान मुलांचे कपडे वाळत घातलेले होते. दोन झगे, पायमोजे, शाळेचा हिरवा स्वेटर. भिंतीतली काही फाटकं अजूनही रात्री बंद होतात. केनेथ ब्रानाचा ‘बेलफास्ट’ (२०२१) त्याच ऑगस्टचा आहे, मात्र त्यातलं कुटुंब प्रोटेस्टंट आणि गल्ली शहराच्या दुसऱ्या भागातली. तो बाबांबरोबर नक्की बघा. आजी-आजोबा फार गोड आहेत.

फिल्मीकिडा
लॅगनकाठ, त्या पिंजऱ्यातल्या कपड्यांपुढे आम्ही सांगितलेले सगळे सिनेमे फिके.

आज्जीची_गोधडी
मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. पण नातीबरोबर ‘डेरी गर्ल्स’ तिन्ही पर्वं पाहिली, त्यामुळे बोलण्याचा अधिकार आहे असं नात म्हणते. ते इंग्रजी मला एक अक्षर कळेना, सबटायटल्स लावून पाहिलं. पहिल्याच भागात पुलावर बॉम्ब सापडलाय आणि मावशीला काळजी कसली, तर तिची त्वचा उन्हात रापल्यासारखी करून घेण्याची वेळ चुकेल याची! मी पोटभर हसले. आमच्याकडेही १९९३ मध्ये मुंबईत स्फोट झाले त्या दिवशी माझ्या जाऊबाईंना दूध नासेल याची चिंता होती. माणूस असाच तग धरतो.

पण पहिल्या पर्वाचा शेवट! शाळेच्या स्टेजवर मुली वेड्यासारख्या नाचतायत, आणि घरी मोठी माणसं टीव्हीसमोर उभी, बॉम्बस्फोटाची बातमी. त्या आजोबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी रडले. एरवी ते दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात.

आता सांजवारा बाळा, तुझ्या प्रश्नाकडे. मला त्या पोराला मारण्यापेक्षा त्याची आई हवी. तिला कळलं तेव्हा काय झालं? ते सिनेमात दाखवलंय का? दाखवलं नसेल तर मला तो सिनेमा नको.

फिल्मीकिडा
दाखवलंय आज्जी, आणि दाखवलेलं नाहीही. डेमियन नंतर प्रेयसीला सांगतो. तो स्वतः ख्रिसच्या आईकडे गेला. ती त्याच्याबरोबर निघाली. सहा तास चालले, ती एक शब्द बोलली नाही. कबर दाखवली. मग ती वळली आणि म्हणाली की तुझं तोंड मला पुन्हा बघायचं नाही. कॅमेरा त्या चालण्याबरोबर जात नाही. आपण फक्त डेमियनचा चेहरा बघतो.

तुम्ही ‘आई’ म्हणालात आणि माझ्या डोक्यात एकदम सगळे सिनेमे रांगेने उभे राहिले. ‘द इन्फॉर्मर’च्या शेवटी जिपो गोळ्या खाऊन चर्चमध्ये येतो, तिथे बसलेली असते ज्याला त्याने धरून दिलं त्याची आई. ती त्याला क्षमा करते. १९३५ ची आई क्षमा करते, २००६ ची आई तोंड बघायला तयार नाही. स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘हंगर’मध्ये (२००८) सुरुवातीला तुरुंगातला एक गार्ड रक्ताळलेली बोटं पाण्यात बुडवून बसतो, गाडीखाली बॉम्ब आहे का ते वाकून बघतो. त्याला पुढे गोळी घालतात ती वृद्धाश्रमात, आईला भेटायला गेलेला असताना. तिचं भान गेलेलं असतं, आणि तो तिच्याच मांडीवर कोसळतो. मॅक्वीन कैद्यांचा छळ इतका जवळून दाखवतो, पण हे दृश्य सोडत नाही. म्हणून तर्कटरावांचं म्हणणं सरसकट मला पटत नाही.

तर्कटराव
फिल्मीकिडा, ‘हंगर’चं मान्य करतो. मी तो तुरुंगात उपोषण करून मेलेल्या बॉबी सँड्सचा गौरव समजून टाळला होता. बघेन. पण एक विचारतो, मारल्या गेलेल्यांच्या घरातून सांगितलेले सिनेमे किती? मला ‘ओमा’ (२००४) एवढाच पटकन आठवतो. १५ ऑगस्ट १९९८, शांतता करार होऊन चार महिने झालेले, आणि बाजारात बॉम्ब. २९ माणसं. सिनेमा त्यातल्या एका बापाच्या मागे चालतो, जो मुलाला शोधत इस्पितळात फिरतो. बॉम्ब ठेवणारे सुरुवातीला काय ते दिसतात. असे सिनेमे आधी का झाले नाहीत?

इतिहासाची_वही
कारण आधी बोलायलाच बंदी होती, हेही एक. ऑक्टोबर १९८८ पासून सप्टेंबर १९९४ पर्यंत ब्रिटनमध्ये सिन फेन हा आयआरएशी जोडलेला पक्ष आणि काही संघटनांच्या लोकांचा आवाज टीव्हीवर ऐकवायला मनाई होती. चेहरा दाखवायचा, ओठ हलताना दिसायचे, पण आवाज अभिनेत्याचा! स्टीफन रियाने सिन फेनचा नेता जेरी अ‍ॅडम्सचा आवाज दिला होता. तोच रिया, ब्रॉय झालेला. आयर्लंडमध्येही अशी बंदी जानेवारी १९९४ पर्यंत होती. अशा वातावरणात अ‍ॅलन क्लार्कने १९८९ मध्ये बीबीसीसाठी ‘एलिफंट’ केला. ३९ मिनिटं, १८ खून, संवाद जवळजवळ नाहीतच. कोण कुणाला मारतो, कुठल्या बाजूचा, का, काही सांगत नाही. माणूस चालत येतो, गोळी घालतो, चालत जातो. मग पडलेल्या माणसावर कॅमेरा बराच वेळ थांबतो. निर्माता डॅनी बॉइल.

चहाबाज
‘एलिफंट’ आत्ताच बघितला. आठव्या खुनानंतर मोजायचं सोडलं.

लिफीपलीकडे
डब्लिनहून. ऑफिसात आयरिश सहकाऱ्यांबरोबर पाच वर्षं जेवतोय. ब्रिटिशांना शिव्या घालणं चालतं, १९१६ चे शहीद चालतात, पण यादवी युद्धात आजोबा कुठल्या बाजूला होते हे कुणी कुणाला विचारत नाही. शंभर वर्षं झाली तरी. एक जण लोचचा सिनेमा थिएटरात आजीबरोबर पाहायला गेला होता. म्हणाला, आजी सिनेमाभर गप्प, घरी येऊन देवघरातला एक जुना फोटो उतरवून कपाटात ठेवला. कुणाचा ते त्याने विचारलं नाही.

‘इन द नेम ऑफ द फादर’चं नाव अजून कसं नाही आलं? जिम शेरिडन, १९९३. डॅनियल डे-लुईस आणि पीट पॉसलथ्वेट. गिल्डफर्डच्या पबमधल्या बॉम्बसाठी निरपराध पोरांना पंधरा वर्षं आत ठेवलं, १९८९ मध्ये सोडलं. बाप ज्युसेप्पी १९८० मध्ये कैदेतच वारला.

सांजवारा
तो मी पाहिलाय! बाप-लेक एकाच कोठडीत राहतात ते विसरणं शक्य नाही. बाप वारतो तेव्हा कैदी खिडक्यांतून कागद पेटवून बाहेर सोडतात.

इतिहासाची_वही
सुंदर दृश्य आहे. प्रत्यक्षात मात्र बाप-लेक असे एका कोठडीत राहिले नव्हते. सिनेमासाठी एकत्र आणलेत. इथे मला ती सूट खटकत नाही, कारण दोघांवर झालेला अन्याय त्याने वाढवलेला नाही.

आज्जीची_गोधडी
१९८१ चं मला आठवतंय. मी शाळेत शिकवत होते. बॉबी सँड्स ६६ दिवस उपाशी राहून ५ मे ला गेला. खासदार म्हणून निवडून आलेला माणूस. शिक्षकांच्या खोलीत आमचे इतिहासाचे सर जतीन दासबद्दल बोलले. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस, १९२९. आणि त्याही आधी कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी, १९२०, ७४ दिवस. जतीन दास गेला तेव्हा मॅकस्विनीच्या घरून भारतात तार आली होती. सर हे सांगताना रडले होते. माझ्या मनात तेव्हाही एकच, त्या पोराच्या आईने त्याला ६६ दिवस बघितलं कसं?

लॅगनकाठ
आज्जी, त्यावरच सिनेमा आहे. ‘सम मदर्स सन’, १९९६. हेलन मिरेन आणि फिओनुला फ्लॅनगन, दोन उपोषणकर्त्यांच्या आया. मुलगा बेशुद्ध झाला की सलाइन लावायची सही आई करू शकते. करायची की त्याचा शब्द पाळायचा? त्या उन्हाळ्यात दहा जण गेले आणि शेवटी घरच्यांनी हस्तक्षेप करायला सुरुवात केल्यावरच उपोषण संपलं. मी आयसीयूमध्ये काम केलंय, सहीचा कागद पुढे केलेल्या आया बघितल्यात. त्यांचा हात कागदावर येतो आणि पेन टेकत नाही, तसंच. हेलन मिरेनने ते कुठून आणलं देव जाणे.

आता फितुरीबद्दल राहिलेलं. ‘से नथिंग’ (२०२४) बघा, नऊ भाग आहेत. डिसेंबर १९७२ मध्ये दहा मुलांच्या आईला, जीन मॅकॉनव्हिलला, पोरांच्या डोळ्यांदेखत फ्लॅटमधून उचलून नेलं. ती टाउट होती असं आयआरएचं म्हणणं. २००३ मध्ये लाउथ परगण्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर तिचे अवशेष सापडले. २००६ मध्ये पोलीस तक्रारींच्या लोकपालांनी सांगितलं की ती खबरी होती याचा काहीही पुरावा नाही. मालिका बरीचशी डोलर्स प्राइस या तरुण, हुशार, आयआरएमधल्या मुलीच्या नजरेतून जाते. तीही मनात भरते, आणि मग आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं. असे ‘गायब’ केलेले सोळा-सतरा लोक. काहींचे अवशेष अजून सापडलेले नाहीत. दलदलीत कित्येकदा खणून झालंय.

फिल्मीकिडा
म्हणजे आज्जींचा प्रश्न इथे पूर्ण फिरला. १९३५ मध्ये फितुराला क्षमा करणारी आई. २००६ मध्ये फितुराची आई. आणि ‘से नथिंग’मध्ये जिच्यावर फितुरीचा आळ आला तीच आई. ‘शॅडो डान्सर’ही (२०१२) सुचवतो. १९९३ चं बेलफास्ट, लहान मुलाची आई ब्रिटिश गुप्तहेरांच्या हाती सापडते. तुरुंगात जा, नाहीतर स्वतःच्या भावांची खबर दे. शेवट सांगत नाही, पण आई हा शब्द मनात ठेवून बघा.

तर्कटराव
हे वाचून मला आपल्याच पुण्याची आठवण झाली. रँडच्या खुनानंतर दामोदर चापेकरांची माहिती पोलिसांना दिली म्हणून फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना मारलं. चापेकर बंधूंच्या आईचं दुःख आपण कीर्तनात ऐकलं. द्रविडांच्या घरात त्या रात्री काय झालं, मी पन्नास वर्षांत कधी विचारही केला नाही. सांजवारा, तुमच्या बाबांनी ‘हे आपलंच आहे’ म्हटलं ते बहुतेक या अर्थानेही खरं आहे.

कुंदा_पार्सल
तर्कटराव, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

इतिहासाची_वही
मी वर १९२० आणि १९७० वेगळे म्हणालो, राजकारण म्हणून अजूनही तेच म्हणेन. पण फितुरीच्या बाबतीत सत्तरनंतरचं बेलफास्ट जास्त भयाण. आयआरएमध्ये फितूर हुडकून मारणारा एक विभागच होता. त्याच विभागातला एक मोठा माणूस ‘स्टेकनाइफ’ या टोपणनावाने वर्षानुवर्षं ब्रिटिशांसाठी काम करत होता. मार्च २०२४ च्या चौकशी अहवालात म्हटलंय की त्याच्यामुळे वाचले त्यापेक्षा जास्त जीव गेले असावेत. फितूर शोधणारा स्वतः फितूर, आणि सरकारला ते माहीत. आता सांगा, ख्रिससारख्या पोराला दोष कुणी द्यायचा?

लिफीपलीकडे
हे माहीत नव्हतं. आज जेवताना कुणाशी बोलवणार नाही.

लॅगनकाठ
एक हलकं सांगते, वातावरण फार जड झालंय. इथला जुना विनोद आहे. कुणी सांगितलं मी हिंदू, की पुढचा प्रश्न, “ते ठीक, पण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?” मला नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांनी खरंच विचारलं. मी म्हटलं, “डोंबिवलीची.” ते म्हणाले, “ती कुठल्या बाजूला येते?” मी म्हटलं, “मध्य रेल्वेच्या.” आजोबा खूष झाले, का ते त्यांनाच माहीत.

चहाबाज
मध्य रेल्वे!! चहा सांडला.

आज्जीची_गोधडी
लॅगनकाठ, रात्रपाळी करून इतकं लिहिलंस, आता झोप बाळा. जेवलीस का?

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री उरलेला सिनेमा पाहिला. मी लावला नाही, बाबांनीच लावला. दुपारी हा धागा त्यांना वाचून दाखवला होता, आज्जींचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

पुढे काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी इथून वाचू नका. करारानंतर डेमियन आणि त्याचा थोरला भाऊ टेडी दोन बाजूंना जातात. डेमियन पकडला जातो. शस्त्रं कुठे आहेत एवढंच सांग, म्हणजे सुटशील, असं टेडी विनवतो. डेमियन सांगत नाही. ज्याने सांगितलं त्या पोराला त्याने स्वतः मारलंय, मग तो कसा सांगेल? पहाटे गोळ्या घालायचा हुकूम टेडीच देतो. मग टेडी डेमियनची चिठ्ठी घेऊन त्याच्या प्रेयसीकडे जातो. ती त्याला मारत सुटते, आणि म्हणते, तुझं तोंड मला पुन्हा बघायचं नाही.

तेच वाक्य. ख्रिसच्या आईचं. मला ते कळलंच नव्हतं, बाबांनी सिनेमा थांबवून सांगितलं. मागे नेऊन डेमियन ते सांगतो तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग बराच वेळ म्हणत राहिले, सहा तास चालली ती, सहा तास. वाटेत एखाद्या घरी पाणी तरी मागितलं असेल का तिने?

पुढच्या शनिवारी ‘बेलफास्ट’ लावतोय. त्यानंतर ‘सम मदर्स सन’. आज्जी, तुम्हीही तोच लावा, मग रविवारी इथे बोलू.

आज्जीची_गोधडी
लावते. नातीला सबटायटल्स सुरू करून ठेवायला सांगते.